३-६ महिन्यांचं आयटी कॉन्ट्रॅक्ट, नागपुरातून : रेट किती सांगू आन् किती तोडू देऊ?

मानेवाड्याचा_टेस्टर

नमस्कार मंडळी. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे ९ वर्षं झाली, सेलेनियम-जावा, एपीआय टेस्टिंग, थोडं जेमीटर. पुण्याच्या कंपनीत होतो पण कोरोनापासून घरूनच, म्हणजे मानेवाड्यातून. प्रोजेक्ट बंद झालं, बेंचवर (म्हणजे कामाविना) बसवलं, मग एचआरनं कॉलवर घेऊन दोन महिन्यांचा पगार घ्या आन् राजीनामा टाका म्हटलं. झालं ते झालं, त्यावर रडत नाही बसायचं.

फुल टाइमचं सध्या असं आहे की चार-चार राऊंड घेतात आणि मग पोझिशन होल्डवर गेली म्हणतात, म्हणून मी कॉन्ट्रॅक्ट पाहून राहिलो. कॉल येतात, नाही असं नाही, पण रेटचं गणित काही कळून नाही राहिलं. हैदराबादच्या एका व्हेंडरनं (कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणाऱ्या मधल्या एजन्सीनं) ६ महिन्यांसाठी महिना ६५ हजार सांगितले, दर दोन मिनिटाला "सर, मार्केट डाऊन है". दोन दिवसांनी दुसऱ्याच व्हेंडरचा फोन, तो ९० म्हणतो, आणि जेडी (कामाचं वर्णन) उघडून पाहतो तर शब्द न् शब्द तोच, टेस्टिंगचं स्पेलिंग पण दोन्हीकडे सारखंच चुकलेलं. सीव्ही दोघांकडे गेला आहे.

जुना सीटीसी (कंपनीनं धरलेला वर्षाचा एकूण पगार) १४.५ लाख होता, हातात लाखाच्या थोडं वर यायचे. घराचा हप्ता, पोरीची शाळा, आईच्या गोळ्या, किराणा सगळं धरून महिन्याला ५८ हजार लागतातच. मिसेसचं म्हणणं आहे की एक ९ लाखाची पर्मनंट ऑफर येऊन राहिली ती गुपचूप घ्या. कॉन्ट्रॅक्टमधे कधी काम केलं नाही. किती मागायचं, कुठे थांबायचं, आणि नागपुरात बसून असं काम मिळते तरी का?

कॉन्ट्रॅक्टवाला_खामला

भाऊ, आधी एक गोष्ट सांगतो मग रेटचं. जेडी एकच आहे म्हणजे क्लायंट एकच आहे. ९० वाला बहुतेक क्लायंटच्या जवळचा व्हेंडर असेल आणि ६५ वाला त्याच्या खालचा किंवा खालच्याच्याही खालचा, मधे प्रत्येकजण आपला हात ओला करते. आता दोघांनीही तुझं प्रोफाइल क्लायंटच्या पोर्टलवर टाकलं तर डुप्लिकेट म्हणून दोन्हीकडून बाद होतोस, आणि हे तुला कोणी कळवत पण नाही. त्यामुळे आजच ६५ वाल्याला मेल टाक की या क्लायंटसाठी माझं प्रोफाइल पाठवायची परवानगी मी दिलेली नाही. फोनवर नको, मेलच. पुढे कोणालाही होकार देण्याआधी चार गोष्टी विचारत जा, शेवटचा क्लायंट कोण, पेरोल कोणाचा (म्हणजे कागदावर नोकर कोणाचा), मधे किती जण आहेत आणि पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला. क्लायंटचं नाव सांगत नाही त्याला परवानगी द्यायचीच नाही. सीव्हीत जन्मतारीख, पॅन, आधार काही ठेवू नको, काही लोक तोच सीव्ही न विचारता दहा जागी फेकतात.

आता रेट. लोक काय करतात, जुना पगार भागिले बारा करतात आणि तेवढाच मागतात. ते पर्मनंटचं गणित झालं. कॉन्ट्रॅक्टमधे काम नाही तर पैसे नाही, सुट्टी घेतली तरी नाही, दिवाळीला क्लायंटचं ऑफिस बंद असलं तरी नाही. वर्षात शनिवार-रविवार सोडले तर २६० दिवस उरतात, त्यातून सणवार, आजारपण आणि दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधला रिकामा काळ काढला तर १९० हातात लागले तरी खूप. साडेचौदा लाख भागिले १९० म्हणजे दिवसाचे ७,६०० च्या वर. महिन्याचे २१ दिवस धर, १ लाख ६० हजार होतात. हा तुझा खरा बरोबरीचा रेट. आता या मार्केटमधे तो मिळणार नाही, मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. पण आपण कुठून उतरून राहिलो हे आपल्याला ठाऊक पाहिजे, नाही तर समोरच्यानं ७० म्हटल्यावर ६५ पेक्षा ५ जास्तच भेटून राहिले असं वाटते.

आता खालून मोज. ५८ हजार महिना म्हणजे वर्षाचे ६ लाख ९६ हजार. वर्षात ९ महिनेच काम मिळालं असं धरलं तर कामाच्या महिन्याला ७७ हजारांच्या वर यायला पाहिजेत, ते पण टॅक्स आणि पीएफ कापून. म्हणजे ६५ हा रेट कमी-जास्तचा विषयच नाही, त्यात तुझं घर चालत नाही. ९० वाल्याला विचार की त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से जातात का. पेरोलवाले बहुतेक कमीत कमी पीएफ कापतात, १५ हजाराच्या १२ टक्क्यानं तुझे १,८०० आणि त्यांचे १,८००, दोन्ही तुझ्याच ९० मधून. ते पैसे तुझेच राहतात पण हप्ता भरायच्या दिवशी हातात नसतात. ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स पण त्याच आकड्यात कोंबलंय का ते पाहून घे.

आणि तोडायची वेळ आली की नुसता आकडा कधीच खाली आणायचा नाही. आकडा सोडायचा तर बदल्यात काहीतरी मागायचं. पूर्ण रिमोट माग, पुण्यात पीजी, जेवण आणि महाराष्ट्र एक्सप्रेस नाही तर ट्रॅव्हल्सचं भाडं यात महिन्याचे वीसेक हजार जातातच, म्हणून घरून ७८ हे पुण्यातल्या ९० पेक्षा बरे. नाही तर म्हण की पहिले ३ महिने या रेटवर करतो, एक्स्टेन्शनला अमुक रेट, आणि ते आत्ताच लिहून द्या. नाही तर नोटीस दोन्हीकडून सारखी माग. मी पाहिलेल्या कॉन्ट्रॅक्टमधे क्लायंट आजच्या आज काढू शकते आणि आपण मात्र ३० दिवस द्यायचे, हे असं बिनधास्त छापलेलं असते आणि पोट्टे न वाचता सही करतात. गंमत म्हणजे रेटवर अडून बसणारा व्हेंडर या गोष्टी पटकन देऊन टाकते, कारण त्याच्या खिशातून काही जात नाही.

सरळमार्गी

मी वहिनींच्या बाजूनं. ९ लाख पर्मनंट, इन्शुरन्स, पीएफ, महिन्याच्या महिन्याला पगार. मंदीत कॉन्ट्रॅक्टवाल्याला सगळ्यात आधी काढतात हे पण सांगा ना कोणी. ६ महिन्यांचं लिहिलेलं असते आणि दुसऱ्याच महिन्यात बजेट गेलं म्हणतात.

कॉन्ट्रॅक्टवाला_खामला

@सरळमार्गी काढतात, खरं आहे. पण त्यानं सांगितलं ना, १४.५ च्या पर्मनंटमधूनही काढलंच. आणि ९ ची ऑफर घेतली की पुढच्या उडीला एचआर ९ वरच टक्के मोजते, साडेचौदा विसरून जाते. तरी ऑफर लेटर खरोखर हातात असेल तर मी सरसकट नको म्हणणार नाही. "येऊन राहिली" म्हणजे काय ते त्यानंच सांगावं.

भरती_ताई

मी कॉन्ट्रॅक्ट भरतीतच आहे, व्हेंडरच्या बाजूनं, म्हणून आतलं थोडं सांगते. नाव-गाव विचारू नका.

आमच्याकडे क्लायंटचा बिल रेट (तो आम्हाला देतो तो आकडा) आलेला असतो, समजा महिन्याला १ लाख १०. त्यातून आमचं मार्जिन, पेरोलचा खर्च काढून आम्ही रिक्रूटरला सांगतो की ८५ ते ९० मधे बसव. रिक्रूटर सुरुवात ७० नं करते कारण जेवढं वाचेल तेवढं आमचं. एका लेयरचं (म्हणजे मधल्या एका व्हेंडरचं) पंधरा-वीस टक्के मार्जिन मी नॉर्मल समजते, दोन लेयर झाले की उमेदवाराच्या ताटात काही राहत नाही. मंदीत क्लायंट बिल रेट थोडा पाडतो हे खरं आहे, पण "मार्केट डाऊन है" म्हणून उमेदवाराला जेवढं पाडून सांगतात तेवढं वरून पडलेलं नसतं. मधला फरक कुठे जातो ते तुम्हीच समजा.

फोनवर पहिला प्रश्न असतो "करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती". सीटीसी सांगून टाका, लपवून फायदा नाही, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला ऑफर लेटर नाही तर पगाराच्या स्लिपा मागतातच. पण एक्स्पेक्टेडला लगेच आकडा नका देऊ. "या पोझिशनचं बजेट काय आहे, त्यात बसतो का बघतो" एवढं बोला आणि गप्प बसा. पाचपैकी दोन-तीन रिक्रूटर बजेट सांगून टाकतात, खरंच. आणि फॉर्ममधे "निगोशिएबल" लिहू नका हो, ते दिसलं की आम्ही तुमच्या नावापुढे रेंजमधला सगळ्यात खालचा आकडा टाकतो.

तुमच्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे तो तुम्ही वापरतच नाही आहात. तुम्ही उद्या जॉइन होऊ शकता. बाकीचे ६० आणि ९० दिवसांच्या नोटीसवर अडकलेले असतात. क्लायंटचा रिलीज तोंडावर आहे, रिग्रेशन (नव्या बदलानं जुनं काही बिघडलं का ते परत तपासणं) करायला माणूस नाही, अशा वेळी मॅनेजर ५ हजारासाठी भांडत नाही. म्हणून कॉलवर विचारा की ही पोझिशन नवी आहे का कोणी मधेच सोडून गेलं. सोडून गेलं असेल तर तुमचं पारडं जड. वेळेचं पण एक असतं. अमेरिकन क्लायंटचं बजेट बहुतेक जानेवारीत उघडतं, आपल्याकडच्या कंपन्यांचं एप्रिलनंतर हलतं. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बिनपगारी सुट्टीवर पाठवायची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे, तेव्हा तारखा बघून सही करा.

आणि हो, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी डिपॉझिट, लॅपटॉपसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी असलं काही कोणी मागितलं तर तिथेच फोन ठेवायचा. कोणताही खरा व्हेंडर उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे देऊन बसला असाल तर लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा.

हिंगणा_रोड

सगळे हैदराबाद-पुणे-अमेरिका बोलून राहिले, नागपुरात काम मिळते का हे विचारलंय त्यानं.

मिळते. पण ते जॉब पोर्टलवर नसते आणि त्याला कोणी कॉन्ट्रॅक्ट पण म्हणत नाही. माझं निम्मं वर्ष बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांवर निघते. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागलं ना, तेव्हापासून या मधल्या कारखान्यांची हालत पाहा. एका ठिकाणी गेलो, तिथे कोण्या पोट्ट्यानं दहा वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिकमधे लिहिलेलं बिलिंग, तो पोट्टा आता कॅनडात. अकाउंटंट बिचारा त्या सॉफ्टवेअरमधून बिल काढे, ते एक्सेलमधे परत टाइप करे, मग पोर्टलवर चढवे, आयआरएन (पोर्टलनं दिलेला बिलाचा नंबर) आला की तो नंबर हातानं बिलावर लिहे, आणि गाडी गेटवर उभी. ड्रायव्हर शिव्या देऊन राहिला. त्यांच्या डेटाबेसमधून जेसन फाइल काढून थेट पोर्टलच्या एपीआयला पाठवायचं आणि क्यूआर कोड बिलावर छापायचा, काम एवढंच. तीनेक आठवड्यांचं.

शेठला तासाचा रेट सांगायचाच नाही. तासाला ८०० म्हटलं की त्याच्या डोक्यात कारखान्यातल्या फिटरची रोजी येते आणि तुम्ही तिथेच मेले. कामाचा एकच आकडा सांगायचा. मी ९० हजार सांगितले. शेठ म्हणे, "इतके? माझा भाच्चा इंजिनेरिंगले आहे, तो करून देते म्हणते." मी म्हटलं बरं आहे, त्याच्याकडूनच करून घ्या, अडलं तर फोन करा. चहा पिऊन निघालो. दोन हप्त्यांनी फोन आला, भाच्च्याच्या परीक्षा लागल्या होत्या म्हणे. मग बसलो परत. पैसे कमी नाही केले, काम कमी केलं. क्रेडिट नोटचं आणि ई-वे बिलाचं बाजूला काढलं, फक्त विक्रीचं बिल, ६५. निम्मे आधी, निम्मे पहिला आयआरएन छापून निघाला त्या दिवशी. बाजूला काढलेलं काम त्यानं पुढे स्वतःहून बोलावून दिलं, आणि आता महिन्याचं सपोर्ट वेगळं चालू आहे.

टेस्टर आहेस तर तुला डायरेक्ट असं काम थोडं अवघड जाईन, शेठले टेस्टिंग कायले म्हणतात तेच माहीत नसते. पण धंतोली-रामदासपेठेतले हॉस्पिटल, इतवारीतले होलसेलवाले, कोचिंगवाले यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या छोट्या कंपन्या आपल्या नागपुरातच आहेत, पाच-दहा पोट्ट्यांच्या. त्यांच्याकडे टेस्टर नसतेच, बग सरळ हॉस्पिटलच्या काउंटरवर निघते. त्यांना सांग, महिन्यातून आठ दिवस देतो, रिलीजच्या आधी. रेट आयटी कंपनीसारखा नाही भेटणार, पण दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधला खड्डा भरते. आयटी पार्कच्या टपऱ्यांवर सकाळी तर्री पोहे खात उभा राहिला तरी चार जण असे भेटतात, मी मजाक नाही करून राहिलो, माझं पहिलं काम तिथूनच आलं.

मानेवाड्याचा_टेस्टर

बाप्पा, इतकं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. ६५ वाल्याला मेल टाकला. त्याचं उत्तर आलं की सर आम्ही प्रोफाइल सबमिट केलंच नव्हतं. म्हणजे नुसता सीव्ही गोळा करून ठेवला होता. ९ लाखाची ऑफर म्हणजे अजून लेटर नाही, एचआर राऊंड झाला आहे फक्त. ९० वाल्यानं काल परत फोन केला, आता म्हणते क्लायंटनं बजेट कमी केलं, ७५ मधे करा. आणि पेरोल नको असेल तर डायरेक्ट इन्व्हॉइसवर ८५ देतो म्हणे. हे डायरेक्टचं काय असते?

वही_खातं

डायरेक्ट म्हणजे तू नोकर नाहीस, धंदेवाला झालास. पीएफ नाही, इन्शुरन्स नाही, तुझ्या बिलावर टीडीएस कापून पैसे येणार. व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के, तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के, कशात धरतात ते आधीच विचार कारण १० कापले की ८५ चे हातात ७६,५०० येतात आणि बाकीचे रिटर्न भरल्यावर. कापलेलं २६एएस मधे (आयकराच्या साइटवरचा कापलेल्या टॅक्सचा उतारा) दिसतं का ते दर तिमाहीला बघत जा.

टॅक्समधे मात्र सोय आहे. आयटी व्यवसाय आयकराच्या ४४एडीए कलमात बसतो, म्हणजे जमा झालेल्या पैशातले निम्मे उत्पन्न धरायचे, वह्या-ऑडिटची कटकट नाही. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. (हे कलमांचे नंबर जुन्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात नंबर बदलले, पण बोलण्यात सगळ्यांचे हेच चालू आहेत.) ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या वर गेलास तर, तू जात नाहीस. तरी मेलवर लिहून ठेव की रेट जीएसटी सोडून आहे. प्रोफेशन टॅक्स वर्षाचा २,५०० स्वतः भरायचा.

आता खरी गोष्ट, पैसे अडकण्याची. व्हेंडर म्हणतील आम्हाला क्लायंटकडून ६० दिवसांनी येतात तर तुम्हालाही ६० दिवसांनी. तू काम सुरू करायच्या आधी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून ठेव, ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नको. नंबर बिलावर छाप. २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानं करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. त्यात आणखी एक असं की वेळेत दिले नाही आणि मार्चअखेरपर्यंतही दिले नाही तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षी टॅक्समधे वजा मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की त्यांचा अकाउंटंटच तुला फोन करतो. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे पण तिथे वेळ लागतो, बिलावरच्या त्या नंबराचा धाकच जास्त कामाचा.

इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही. आईचं कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होतं ना? ते शेवटच्या दिवशी बंद झालं असेल. नवीन पॉलिसी घेशील तर जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकते, म्हणून आज घे, कॉन्ट्रॅक्ट मिळाल्यावर नको. त्याचा हप्ता तुझ्या ५८ मधे धर.

भरती_ताई

७५ पेरोल आणि ८५ डायरेक्ट यात व्हेंडरचा पेरोलचा खर्च वाचतो, म्हणून तो देतोय, उपकार नाही करत. आणि क्लायंटनं बजेट कमी केलं हे मला पटत नाही, इंटरव्ह्यू व्हायच्या आधी सहसा असं होत नसतं. इंटरव्ह्यू द्या आधी. क्लायंटला तुम्ही आवडलात की मग बोला, त्याआधी तुमच्या हातात काहीच नाही.

मानेवाड्याचा_टेस्टर

अपडेट. इंटरव्ह्यू दिला, झाला चांगला. पोझिशन कोणी सोडून गेल्याचीच निघाली, ताईंनी सांगितलं म्हणून विचारलं. रिलीज दीड महिन्यावर आहे. व्हेंडर परत ७५ वरच. मी म्हटलं ७५ नाही होणार, पण ९० पण नाही मागत, पेरोलवर ८२ द्या, पूर्ण रिमोट, नोटीस दोन्हीकडून १५ दिवस, आणि ३ महिन्यांनी वाढवलं तर ९२, हे सगळं ऑफर लेटरमधे. तो म्हणे विचारून सांगतो. संध्याकाळी होकार आला, फक्त ९२ चे ८८ केले. उद्यम पण करून ठेवलं, पुढे कामाला येईन. घरी मिसेसला कागद दाखवला तर म्हणे पीएफ आहे ना मग ठीक आहे.

ऑफर लेटरचा ड्राफ्ट आलाय, त्यात एक ओळ आहे की प्रोजेक्ट संपल्यावर १२ महिने त्या क्लायंटकडे दुसऱ्या मार्गानं काम करायचं नाही. हे चालते का?

कॉन्ट्रॅक्टवाला_खामला

ती ओळ सगळेच टाकतात. १२ चे ६ माग, देतात बहुतेक. पण "त्या क्लायंटकडे" इथे क्लायंटचं नाव लिहून घे, नुसतं "आमचे क्लायंट" असं असेल तर सही करू नको, त्यांचे पन्नास क्लायंट असतील. आणि एक्स्टेन्शनचे ८८ लेटरमधे आकड्यात आलेत का, का नुसतं "रिव्हाइज्ड रेट" लिहिलंय?

मानेवाड्याचा_टेस्टर

नुसतं रिव्हाइज्ड लिहिलंय 😀 परत पाठवतो आत्ताच.